तारेचे कुंपण आणि भिंत नसलेला तुरुंग

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाचे उत्तर आपण एरवी मानसशास्त्राकडे, समाजशास्त्राकडे किंवा पोलीस खात्याकडे मागतो. इतिहासाकडे ते क्वचितच मागितले जाते. वास्तविक प्रत्येक राज्यव्यवस्था या प्रश्नाचे एक उत्तर मनाशी धरूनच कायदे करते, तुरुंग बांधते आणि नजर कुणावर ठेवायची ते ठरवते. हे उत्तर स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितलेले असते. भिंत किती उंच आहे आणि कुंपण कुणाभोवती घातले आहे, यावरून ते ओळखावे लागते.

या दृष्टीने पाहिले तर १९३९च्या सुमारास दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात, एकमेकींपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरांवर, दोन प्रकारच्या वसाहती नांदत होत्या. सोलापुरात ब्रिटिश सरकारच्या ‘सेटलमेंट’ होत्या. त्यांच्याभोवती काटेरी तारांचे कुंपण होते, आणि आत जी माणसे राहत होती त्यांच्यात बायका होत्या, तान्ही मुले होती, आणि कोणत्याही न्यायालयाने कधीही दोषी न ठरवलेले कितीतरी पुरुष होते. तिकडे औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या माळावर, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली होती. तिथे गंभीर गुन्ह्यांसाठी, खुनासाठीसुद्धा, रीतसर शिक्षा झालेले कैदी होते. पण भिंत नव्हती. गुन्हा सिद्ध झालेला मोकळ्या रानात, आणि गुन्हा न केलेला तारेच्या आत, अशी ही उफराटी मांडणी आहे. ती कशी झाली हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जन्मावरून गुन्हा

सोलापूरच्या कुंपणाचे मूळ १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. त्याच्याही मागे जायचे तर १८३६च्या ठगीविरोधी कायद्यापर्यंत जावे लागते. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक कृत्य केले हे सिद्ध न करता, तो ठगांच्या टोळीचा घटक आहे एवढ्यावरून त्याला जन्मठेप देण्याची सोय या कायद्याने केली होती. ‘काय केले’ याऐवजी ‘कोण आहे’ हा प्रश्न न्यायदानात शिरला तो इथे.

१८७१चे विधेयक मांडले गेले तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. साहित्याच्या अभ्यासकांना त्याची ओळख दुसऱ्या नात्याने पटेल: तो लेस्ली स्टीफनचा भाऊ, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फचा काका. १८७२चा भारतीय पुरावा कायदा त्यानेच तयार केला. तो कायदा २०२४च्या जुलैपर्यंत आपल्या न्यायालयांत चालू होता. आरोप सिद्ध करण्यासाठी पुरावा कसा असावा याचे इतके बारकाईने नियम करणारा हा मनुष्य, त्याच सुमारास पुराव्याची गरजच न उरणारा दुसरा कायदाही संमत करून घेत होता, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विधेयकाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला त्याचा आशय असा: या देशात धंदा जातीने ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा वंशपरंपरेने गुन्हा करणाऱ्या जातीही असणारच, आणि अशा जातीतला माणूस मरेपर्यंत तेच करणार. युरोपात लोम्ब्रोसोचा ‘जन्मजात गुन्हेगार’ हा सिद्धान्त १८७६मध्ये ग्रंथरूपाने आला. आपल्याकडे त्याच्या पाच वर्षे आधीच तशा समजुतीला कायद्याचे रूप मिळाले होते. त्यासाठी कवट्या मोजण्याचीही गरज पडली नाही, कारण मापे तयारच होती. ती जातिव्यवस्थेने पुरवली होती. म्हणून या कायद्याचे सारे पाप साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे आपल्याला सोयीचे असले, तरी ते खरे नाही. कर्म जन्मावर ठरते ही समजूत साहेबाने इथूनच उचलली आणि तिला राजपत्राची मोहोर लावली.

कायद्याची कार्यपद्धती साधी होती. प्रांतिक सरकारने एखाद्या समूहाविषयी अहवाल पाठवायचा, वरून मान्यता आली की राजपत्रात घोषणा करायची. त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. मग नावांची नोंदवही तयार व्हायची, नेमलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास लागायचा. गावच्या पाटलावर आणि पहारेकऱ्यांवर या माणसांची खबर देण्याची जबाबदारी होती. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला, १९११मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्वत्र त्याचा विस्तार झाला, आणि १९२४मध्ये तो नव्याने एकत्र बांधला गेला.

कारण शोधायचे कुठे?

या सगळ्यात ‘ही माणसे चोरी करतात’ हे विधान प्रत्येक वेळी खोटे होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्यातल्या काहींचा चोरी हा उदरनिर्वाह होता. पुढे या समाजांतून आलेल्या आत्मकथनकारांनीच ते विलक्षण निर्भयपणे लिहिले आहे. प्रश्न आहे तो कारणाचा.

रामोश्यांचे उदाहरण घ्या. मराठेशाहीत गडकिल्ल्यांची आणि गावांची राखण हे त्यांचे काम होते. १८१८मध्ये राज्य गेले, आणि राखणदारीवर मिळणारे हक्कही हळूहळू गेले. ज्यांचे सारे कौशल्य रात्री जागण्यात, माग काढण्यात आणि डोंगर तुडवण्यात होते, त्यांच्यापुढे दुसरे काय उरले? पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांचे बंड उठले ते याच पोकळीतून. १८३२मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. कंपनी सरकारच्या दप्तरात ते दरोडेखोर आहेत. आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. माणूस तोच, कृत्येही तीच. बदलली ती लिहिणाऱ्याची बाजू.

बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. १८५३नंतर लोहमार्ग पसरत गेले, मिठावरचे निर्बंध कडक झाले, आणि शतकानुशतकांचा धंदा एक-दोन पिढ्यांत बसला. १८६५ आणि १८७८च्या वनकायद्यांनी रानावर जगणाऱ्यांना रानातच परके केले. पारध्याची शिकार आता गुन्हा ठरू लागली. फिरस्ता माणूस स्थिर शेतसारा देत नाही, त्याचा पत्ता नसतो, म्हणून महसुली राज्याला तो मुळातच संशयास्पद वाटतो. अशा रीतीने जगण्याची साधने काढून घेणारे सरकार, आणि ती गेल्यावर जो काही मार्ग उरला त्याला ‘स्वभाव’ म्हणणारे सरकार, एकच होते. परिस्थितीने निर्माण केलेले वर्तन रक्ताच्या खाती जमा झाले की परिस्थिती बदलण्याची जबाबदारी आपोआप संपते. गुन्हेगारीच्या आनुवंशिक उपपत्तीचे खरे आकर्षण यात आहे.

सोलापूरची सुधारणा

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सोलापूरच्या वसाहती केवळ छळछावण्या म्हणून उभ्या राहिल्या नव्हत्या. मुंबई इलाख्यात या कामाची घडी बसवणारे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांची सुधारणेवर श्रद्धा होती. १९२८ ते १९३० या काळात दलित वर्ग आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ज्या समितीला त्यांचे नाव मिळाले, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरही सदस्य होते. वसाहतींत शाळा होत्या, उद्योगशिक्षण होते. काही व्यवस्था मिशनऱ्यांकडेही होती. सोलापूरच्या कापड गिरण्यांत वसाहतीतली माणसे कामाला जात. चोरी सोडून घामाची भाकरी खायला शिकवावे, असा तो विचार होता.

मग बिघडले कुठे? बिघडले ते गृहीतकात. कामाला जाणारा कामगार संध्याकाळी तारेच्या आत परत येत होता आणि हजेरी देत होता. तो कामावर कितीही नेमाने गेला तरी त्याचे श्रेय कुंपणाला जाई. आणि एखादा पळाला, तर दोष त्याच्या रक्ताला. म्हणजे सुधारणा झाली हे सिद्ध करण्याचा कोणताच मार्ग त्याच्यापुढे शिल्लक नव्हता. शिवाय गिरण्यांना हुकमी मजूर मिळत होता, हाही भाग होताच. तुरुंगातल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख असते. वसाहतीतल्या मुलाला ती नव्हती, कारण त्याने काही केलेलेच नव्हते. शिक्षेला शेवट असतो, संशयाला नसतो.

आटपाडीचा माळ

आता सोलापूरहून पश्चिमेला, माणदेशात जाऊ. औंध हे बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले छोटे संस्थान. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, आणि किर्लोस्करवाडीला जागा देण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. १९३९च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत या घडामोडीत पुढे होते, आणि त्यांच्यासोबत होते मॉरिस फ्रीडमन.

फ्रीडमन हे पोलंडमधले ज्यू इंजिनिअर. बंगलोरला नोकरीच्या निमित्ताने आले आणि इथलेच झाले. भारतानंद हे नाव त्यांनी घेतले. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख असायला हवी. मुंबईत खेतवाडीतल्या माडीवर निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते इंग्रजीत आणून १९७३मध्ये ‘आय ॲम दॅट’ या ग्रंथाच्या रूपाने जगापुढे ठेवणारे तेच. ‘मी म्हणजे माझी नावे, माझी कृत्ये, माझा भूतकाळ नव्हे’ हा विचार त्यांनी उतारवयात भाषांतरित केला. त्याच्या कितीतरी आधी आटपाडीच्या माळावर त्यांनी तो कैद्यांच्या बाबतीत करून पाहिला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

स्वतंत्रपूरची कल्पना त्यांची. कैद्यांना कोठडीतून काढून मोकळ्या जागी वसवायचे, कसायला जमीन द्यायची, कुटुंबासह राहू द्यायचे. वसाहतीच्या नावातच तिचा विचार आहे: कैद्यांच्या वस्तीला ‘स्वतंत्रपूर’ म्हणायला धाडस लागते. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले, तरी वसाहत मोडली नाही. मुंबई राज्याने, आणि पुढे महाराष्ट्राने, ती खुली वसाहत म्हणून चालू ठेवली. पुढे उत्तर प्रदेशात १९५०च्या दशकात आणि राजस्थानात सांगानेर येथे १९६३मध्ये खुल्या तुरुंगाचे प्रयोग झाले. पण त्यांच्या आधी हे पाऊल पडले ते एका दुष्काळी संस्थानात.

हा प्रयोग का टिकला असावा? माणदेशातला खून बहुधा कसा होत असेल याचा विचार केला तर थोडा उलगडा होतो. बांधावरून, पाण्यावरून, भाऊबंदकीतून, अब्रूच्या कल्पनेतून एका क्षणी कुऱ्हाड उचलली जाते. उचलणारा आदल्या दिवशीपर्यंत शेतकरी असतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून कायमचा ‘खुनी’. कृत्य भीषण असते. पण ते त्याच्या आयुष्याचा सारांश नसते. अशा माणसाला पुन्हा नांगर दिला, घर दिले, तर तो आपल्या आधीच्या आयुष्याशी सांधा जुळवू शकतो. पळून जाऊ नये म्हणून त्याला भिंत अडवत नाही. सकाळी पाणी पाजायचे पीक आणि आत निजलेले मूल अडवते.

अर्थात या प्रयोगाच्या मर्यादाही होत्या. कैदी निवडून घेतले जात, आणि संख्या लहान होती. राजाच्या मर्जीचे पाठबळ होते. प्रत्येक गुन्ह्याला आणि प्रत्येक गुन्हेगाराला हाच उपाय लागू पडेल असे कुणी म्हणू नये. पण स्वतंत्रपूरने एक गोष्ट सिद्ध केली: विश्वास हे सुधारणेचे बक्षीस नसून तिची पूर्वअट आहे. सोलापूरने विश्वास शेवटी ठेवला होता, म्हणून तिथवर कुणी पोहोचले नाही.

दोन डोळ्यांचा प्रश्न

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रयोग ठाऊक आहे तो व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’मुळे (१९५७). कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर बंधूंचे माडगूळ, शंकरराव खरातांचे आटपाडी हा सगळा एकच मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा उजाड माळही याच परिसरातला. तेव्हा ही कथा गदिमांना दूरवर शोधायला जावे लागले नसणार. १९५८मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

चित्रपट थोर आहे; पण इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाचा पालट आहे. सहा खुनी कैदी बदलतात ते जेलर आदिनाथच्या नजरेमुळे. ते डोळे त्यांचा पाठलाग करतात, पळू देत नाहीत. नायक मरतो तरी ते मागे उरतात. नीट पाहिले तर हीसुद्धा एक प्रकारची हजेरीच आहे, फक्त ती आता मनाच्या आत घेतली जाते. कलाकृतीला उदात्त नायक लागतो, हे समजू शकते. पण त्यामुळे आपल्या सांस्कृतिक स्मृतीत राहिला तो एक महापुरुष. जमीन, बायकामुले, बाजार, मजुरी ही साधी कारणे मागे पडली. परिणाम असा, की पुढच्या पिढ्यांनी ‘असा एखादा देवमाणूस भेटला तर गुन्हेगार सुधारतो’ असा बोध घेतला. देवमाणसे दुर्मिळ असतात, म्हणून व्यवस्थेला काही करावे लागत नाही. स्वतंत्रपूरचा धडा नेमका उलटा होता: चांगली व्यवस्था केली तर देवमाणसाची गरज पडत नाही.

यादीतून गेले, शब्दांत राहिले

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई राज्यात १९४९मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या वसाहतीचे कुंपण १९६०मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तोडले गेल्याची आठवण भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत आवर्जून सांगितली जाते. पण कायदा जाताना आपली सावली ठेवून गेला. १९५९मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. त्यात जमातीचे नाव नव्हते. पण पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग-नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवावे लागले, आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींचाही समाचार घ्यावा लागला. कायदा रद्द होऊन तोवर बहात्तर वर्षे झाली होती.

भाषेत तर ही सावली अधिकच गडद आहे. ‘भामटा’ हा शब्द आपण लबाड माणसासाठी सहज वापरतो. ते एका समाजाचे नाव आहे याचे भान ठेवत नाही. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा या नोंदीखाली ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ अशी नावे येतात. शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नावापुढे हा शब्द लिहिला जातो तेव्हा सवलतीची पहिली पायरीच आरोपाची असते.

लक्ष्मण गायकवाडांनी १९८७मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, त्याचे महत्त्व इथे कळते. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपण वर्गात ‘दाहक अनुभव’, ‘वेगळे विश्व’ अशा ठरीव शब्दांत शिकवून मोकळे होतो. पण ते एका दप्तराला दिलेले उत्तर आहे. या माणसांविषयी आधी लिहिले ते पोलिसांच्या नोंदवहीने. तिच्यात नाव होते, बोटांचे ठसे होते, हजेरीच्या खुणा होत्या. फक्त कारण नव्हते. ‘उचल्या’ ते कारण लिहिते: चोरी शिकवणारे घर लिहिते, चोरी न करणाऱ्याला काम न देणारे गाव लिहिते, मुलगा शाळेत जातो म्हणून वस्तीवर रोगराई आली असे मानणारे भेदरलेले आपले लोकही लिहिते. गायकवाड स्वतःच्या समाजाला निर्दोष ठरवत नाहीत. दोष कुठून आला ते दाखवतात, आणि तो जाऊ शकतो हे स्वतःच्या आयुष्याने दाखवतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि त्याआधी अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) याच मालिकेत वाचायला हवीत. १९९८मध्ये बंगालात बुधन शबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन काम उभारले. नोंदवहीला दिलेले उत्तर पुस्तकापाशी थांबले नाही.

गुन्हा समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे, हे स्वतंत्रपूरनेही मानले होते. तिथले कैदी शिक्षाच भोगत होते. मात्र कृत्याची शिक्षा आणि माणसाची व्याख्या या दोन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवल्या गेल्या. सोलापूरच्या तारांनी त्या एक केल्या. साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांचा या भेदाशी जवळचा संबंध आहे, कारण माणसाची व्याख्या शेवटी शब्दांनीच होते. काटेरी तार एकदा तोडली की तुटते. शब्दाचे कुंपण मात्र दर पिढीला, दर वर्गात, नव्याने तोडावे लागते.